गर्डर चार, ओळ सतरा

कुडचड्याला, नव्या पुलावर, सकाळी सात वाजता
माझं काम म्हणजे हातोडा.
रात्रपाळीनं उभे केलेले स्टड
गर्डरच्या पाठीवर ओळीनं,
अंगठ्याएवढे जाड, टीचभर उंच, डोक्यावर चपटी टोपी.
मी वाकते, ठोकते, ऐकते.
बरा असला तर ताटलीवर डाव आपटावा तसा वाजतो.
ओळ सतरामधला तिसरा बद्द वाजला.
दुसऱ्या घावाला बुंध्यातून निखळला,
आणि खाली, जोडाच्या जागी,
आंबोळीला पडावीत तशी भोकं.

रुझार बार्रेटोनं तोंडावरची काच वर केली.
"बाये, कडयो ओल्यो जाल्यात."

चिनी मातीची पांढरी कडी, दर स्टडला एक.
पाणी झालेलं लोखंड
एका सेकंदाहून कमी वेळ कवेत धरायचं
आणि मग हातोडीच्या टिचकीनं फुटून जायचं,
एवढंच तिचं आयुष्य.
रात्री नदीवरून धुकं चढलं, पोतं उघडं राहिलं.
ओव्हन मागवलाय, साहेब म्हणाले, तीन आठवडे.

रुझारनं पत्र्याच्या ट्रेमध्ये कड्या मांडल्या
आणि स्कूटरवर मला मागे बसवून
इनास पदेराकडे नेलं.
पहाटेचे उंडे निघून गेले होते,
भट्टी अजून ऊब धरून होती.
मी तापमापी आत सारली. एकशे वीस.
माझ्या कागदावर हाच आकडा होता.
"कितें भाजतात?" इनासनं विचारलं.
"पूल," रुझार म्हणाला.
"डझनाक पावाचोच भाव."

दोन तास आम्ही बाकावर बसलो.
बावीस वर्षं तो बार्ज जोडत होता.
खनिज थांबलं तेव्हा
जोडल्या त्याच हातानं भंगारासाठी कापल्या.
कापताना जोड कुठे होते ते शोधायचा, म्हणाला,
आणि सापडायचे नाहीत.
हे सांगताना तो जरा जास्तच वेळ चहा ढवळत राहिला.

मग त्यानं विचारलं, काँक्रीट वर, लोखंड खाली,
मध्ये हे खिळे कशाला? वजनानं ते बसेलच की.
मी पिशवीतली नोंदवही काढून वाकवली.
बघ, पानांच्या कडा
पायऱ्यांसारख्या एकमेकींवरून सरकतात.
प्रत्येक पान आपापलं वाकतं.
आता तीच वही आरपार शिवून टाकली तर?
त्यानं वही हातात घेतली, दोनदा वाकवली.
"फळी जातली," म्हणाला.

दुपारी नवा स्टड लागला.
उचल, लखलखाट, बुडव.
कडी फुटली, कवच पाण्यात पडलं,
बुंध्याभोवती लोखंडाची काठ सबंध, कुठे तुटलेली नाही.
तरी मी हातोडा उचलला.
तीस अंश वाकेपर्यंत मारत राहिले,
आणि रुझार दुसरीकडे बघत राहिला.
तडा नाही.

"आतां सरळ कर ताका."
नाही करायचा. नियम आहे.
वाकून टिकला, तो तसाच आत जातो.
त्याला हे पटलं नाही. बार्जवर वाकडं काही राहिलं
तर मालक रोजाचे पैसे कापायचा.
आता त्याच्या हातचा, अख्ख्या ओळीत एकटाच कललेला,
जन्मभर.
कोणी बघणार नाही, मी म्हटलं.
"तेंच म्हणटां," तो म्हणाला.

काँक्रीट ओतलं त्या दिवशी त्याची सुट्टी होती.
तरी आला, इस्त्रीच्या शर्टात, कठड्याशी उभा राहिला.
गर्डर चारवर लगदा चढत गेला, टोप्या बुडाल्या,
वाकडा सगळ्यात आधी बुडाला, बुटका झालेला म्हणून.
व्हायब्रेटरच्या घरघरीत तो काहीतरी बोलला,
मला ऐकू आलं नाही.

परत जाताना इनासनं हाक मारून थांबवलं.
एका गिऱ्हाइकानं पाव परत केला होता,
दाताखाली पांढरी कच आली म्हणून.
मी उरलेले सहाही घेतले.
एक तिथेच मोडून खाल्ला, सावकाश,
प्रत्येक घास जिभेनं तपासत.